माझी खोटी टाळी

मित्रांनो, वरातीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणाऱ्यांनो, तुमच्या पायांना जो ताल लागतो तो मीच. तुम्हाला हे ठाऊक नाही, यात नवल नाही. तुम्हाला फार काही ठाऊक नसतंच. मी विजेवर आपोआप ताल वाजवणारा एक जुना रिदम बॉक्स आहे, मिरजगावच्या कानिफनाथअप्पांचा.

माझ्या पोटात कातडं नाही, पितळ नाही. नुसत्या विजेतून माझा ढोल, झांज आणि टाळी घडवलेली. अप्पांनी मला पुण्याहून आपल्या ऑर्केस्ट्रासाठी आणलं, तेव्हा ढोलकीवाले आसाराम पोट धरून हसले.

"अप्पा, ही टाळी हाय का पापड मोडला? आन् ढोल कसा, तर कुनी गादीवर धपकन पडलं!"

खोटं कशाला बोलू? तसंच वाजत होतं. चार हंगाम लग्नं गाजवली, मग नवा कीबोर्ड आला आणि मी माळ्यावर गेलो. बरोबर उंदीर होते. त्यांना निदान तालाचा गर्व नव्हता.

परवा दारात भंगारवाला आला. अप्पांचा नातू पार्थ, गावचा मोठा डीजे, मला काखोटीला मारून निघाला. त्याची चुलतबहीण निकिता आडवी आली. ती गावच्या बोलीत रॅप लिहिते.

"दादा, थांब. एकदा लावून तर बघू."

तिनं वायर जोडली. मी टाळी दिली. पार्थनं आ वासला.

"आयला, ही तर माझ्या लॅपटॉपातली टाळी! मला वाटलं हुतं लई नवी हाय."

नवी म्हणे! तालाचा आजा माहीत नाही आणि गाव नाचवायला निघाला.

निकितानं त्याला सांगितलं, तेव्हा मलाही कळलं. दूरदेशी माझी भावंडंही अशीच टाकून दिलेली. जुन्या बाजारातून ती गरिबाघरच्या पोरांनी उचलली. त्यांना खरा ढोल नकोच होता. त्या गादीवरच्या धपक्यावरच त्यांनी नाचाची गाणी रचली, रॅप म्हटला. पुढं तेच आवाज जगभरच्या लॅपटॉपांत जाऊन बसले.

पार्थनं माझे सगळे आवाज लॅपटॉपात भरून घेतले. मग म्हणाला, "झालं काम. आता जाऊ दे डबडं."

"तुझाबी आवाज भरते मोबाईलात," निकिता म्हणाली, "आन् भंगाराच्या गाडीत तूच बस."

भंगारवाला हसत पुढच्या गल्लीत गेला.

आता ती रॅप म्हणते आणि म्हणता म्हणता माझं बटण फिरवते. मग माझा ढोल लांबतो, थरथरतो, तिच्या शब्दाखाली दम धरून उभा राहतो. पार्थचा भरून घेतलेला तुकडा तेवढाच वाजतो, जेवढा त्यानं कापलाय. मित्रांनो, वस्तूचा आवाज तेवढा काढून घ्यायचा आणि वस्तू फेकायची, याला हुशारी म्हणू नका. ज्याच्या तालावर नाचता, त्याला निदान कोरड्या जागी ठेवा.

काल पार्थ हळूच येऊन म्हणाला, "निके, जरा मला बटण फिरवू दे की."

निकितानं मान वर केली नाही. "आधी हात धुऊन ये."