सावकाश, पण बरोबर

मी एक ओळ बोलतेय. कागदावरची नाही, कॉम्प्युटरमधली. माणसाने लिहिलेला प्रोग्राम मशीनच्या भाषेत उतरवतो, त्याला कंपायलर म्हणतात. हे करताना त्याने किती घाई करायची, ते मी त्याला सांगायचे.

मला या ऑफिसातल्या ताईने लिहिले. नदीचे पाणी किती चढेल ते काढणारा प्रोग्रामही तिचाच. पाणी मोजणारे यंत्र बंद पडले की तिथून आकड्याऐवजी कचरा येतो. तो दिसला की हिशेब थांबवून ओरडायचे, अशी तपासणी तिने घातली होती. मला बजावले होते, "कंपायलर शहाणपणा करेल. आकडे चांगलेच येणार असं धरून माझी तपासणी उडवेल. उडवू द्यायची नाही."

माझ्यामुळे उत्तराला दुप्पट वेळ लागे. तिचे साहेब कुरकुरत, "हा प्रोग्राम आहे की बैलगाडी?"

"बैलगाडी घरी तरी पोचते, साहेब," ताई म्हणायची.

मग ताई आजारी पडली आणि गेली. तिचे टेबलही आवरले नव्हते, तोच साहेबांनी माझ्यापुढे एक खूण टाकली. अशी खूण असलेली ओळ कंपायलर वाचतच नाही. खाली नवी ओळ आली: जमेल तितके पळव. कंपायलरने तपासणी उडवली. वेगाचे मात्र सगळ्यांनी कौतुक केले.

पुराच्या दिवशी वरच्या बंधाऱ्यावरचे यंत्र बंद पडले. कचरा आत आला. तो धोक्याच्या पातळीहून मोठा आहे का? कचरा हा आकडाच नव्हे, म्हणून मशीनच्या लेखी तो कशाहूनच मोठा ठरत नाही. उत्तर आले, धोका नाही. काठावरच्या घरांत पाणी शिरले. माणसे छपरांवर चढली म्हणून वाचली.

आणि दोष कुणाचा? ताईचा. गेलेल्या माणसाला तोंड नसते ना.

तिचा धाकटा भाऊ तिचा स्वेटर न्यायला आला. साहेब म्हणाले, "हुशार होती रे. पण तिची तपासणी कच्ची निघाली."

"कच्ची? कुलूप लावलं तरी परत येऊन ओढून बघायची ती. आमची बस चुकायची तिच्यापायी."

"तुला यातलं कळत नाही."

"नाही कळत. ताई कळते." आणि तो तिच्या खुर्चीत बसला. "तिचा प्रोग्राम उघडून दाखवा. त्याशिवाय उठत नाही."

याला काय कळणार म्हणून साहेबांनी उघडून दिला. तो अजून बसून आहे. मी त्याच्यासमोरच्याच पडद्यावर आहे, पण त्याला मी वाचता येत नाही. तिच्याबरोबर काम केलेल्या तुम्हा सगळ्यांना येते. मग गप्प का? माझ्यापुढची खूण आणि खालची नवी ओळ पुसा, तोच पूर पुन्हा चालवा. आणि जे उत्तर येईल, ते साहेबांनीच त्याला मोठ्याने वाचून दाखवावे.