नोव्हेंबरातली सुएर्ते

स्पेनमधल्या बाल्देसेर्नो गावात नोव्हेंबर लागला की 'सुएर्ते' या शब्दाचा अर्थ बदलतो. एरवी परीक्षेला निघालेल्या पोराला 'सुएर्ते!' म्हणायचं, म्हणजे नशीब तुझ्या बाजूने असो. नोव्हेंबरात मात्र सुएर्ते म्हणजे लाकूड. गावाच्या सामाईक जंगलात वनरक्षकाने खुणा केलेली ओकची झाडं, प्रत्येक घराला एक वाटा. कुठला वाटा कुणाला, ते सोडतीने ठरतं. आणि वाटा मिळतो तो हिवाळ्यात धुराडं चालू असलेल्या घरालाच. कुलूप लावून शहरात जाणाऱ्यांना नाही.

रेमेदियोसचा नवरा मार्चमध्ये गेला. लोग्रोन्योला राहणाऱ्या मुलीने आईसाठी फ्लॅटमधली एक खोली रंगवूनही घेतली होती. रेमे तिला म्हणाली होती, "एक हिवाळा माझा मी काढून बघते. नाही जमलं तर येईन तुझ्या खोलीत, आणि कुरकुर करणार नाही." त्यामुळे या वर्षी सोडतीत पहिल्यांदाच तिचं स्वतःचं नाव होतं.

रविवारी चर्चकडे जाताना नात नोएलिया सोबत होती. ती सालामांकाला लॅटिन शिकत होती.

"आजी, हा शब्द रोमन लोकांचा. लाकडाच्या छोट्या चकत्या भांड्यात टाकून ते सोडत काढायचे. चकतीला म्हणायचे सोर्स. मग चकतीने जे वाट्याला येईल तेही सोर्स, जमिनीचा तुकडासुद्धा. नशीब हा अर्थ त्यातूनच निघाला."

"म्हणजे आधी लाकूड, मग नशीब?"

"साधारण तसंच."

"बरोबर आहे की. तुझ्या आजोबांना सैन्याच्या सोडतीत आफ्रिका लागली, तीही सुएर्तेच म्हणायचे सगळे. तिथे शुभेच्छा कुठल्या!"

चर्चच्या ओवरीत चोवीस घरांची माणसं जमली होती. रात्रभर खुंटीवर टांगलेली गोट्यांची पिशवी गावप्रमुख एवारिस्तोने खाली काढली. तो नाव पुकारायचा, पिशवीत हात घालायचा आणि लाकडी गोटी त्या घरच्या माणसाच्या हातात ठेवायचा. कासिल्दाला तीन नंबर आला, रस्त्याजवळचा.

"हिचं नशीब बघा!" कुणीतरी ओरडलं.

"जळा! जळणाशिवाय जळा!" कासिल्दा म्हणाली.

मग रेमेचं नाव. एवारिस्तोने तिच्या तळव्यावर गोटी ठेवली. सात. ओढ्याकाठची सपाट जागा, जिथे गाडी थेट झाडापर्यंत जाते. सगळ्यांनी जरा जास्तच जोरात टाळ्या वाजवल्या.

रेमेने मूठ मिटली. गोटी कोमट होती.

"कासिल्दा, तुझी दाखव गं." तिने ती दुसऱ्या हातात घेतली. गारेसारखी थंडगार. शेजारच्या म्हाताऱ्याची घेतली, तीही तशीच.

"एवारिस्तो, ही सात नंबरची तुझ्या खिशात कधीपासून होती?"

एवारिस्तो बुटांकडे बघत होता.

"मावशी, तुझ्या भल्यासाठीच केलं. तू एकटी. डोंगरावरचा वाटा लागला तर चढणार कशी?"

"ठाऊक आहे मला. भल्यासाठीच केलंस." ती रागावली नव्हती, आणि म्हणूनच बोलणं अवघड जात होतं. "पण तू हातावर ठेवलेलं लाकूड म्हणजे दान. दानावर जगायचं तर मुलीचं काय वाईट? तिची खोली तरी उबदार आहे. सगळ्यांच्या गोट्या परत टाक."

"सगळ्यांच्या?" कासिल्दा किंचाळली. "माझी तीन मी देणार नाही!"

"सात पिशवीत नव्हतीच, बाई. ती तुला लागू शकत होती का? नाही. मग तुझी सोडतही खोटीच."

कासिल्दाने गोटी पिशवीत आपटली. "देवा, या म्हातारीला डोकं कशाला दिलंस!"

पुन्हा सोडत झाली, आणि या वेळी ज्याने त्याने आपल्या हाताने गोटी काढली. रेमेला तेवीस नंबर आला. खडकाच्या वरचा, जिथे खेचरही कां-कूं करतं. नोएलियाने डोळे मिटले. टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत.

रेमेने गोटी खिशात टाकली आणि थेट एवारिस्तोकडे गेली.

"डुक्कर कधी कापतोस?"

"पुढच्या शनिवारी. का?"

"तुझ्या बायकोची मोर्सिया, रक्ताची सॉसेजं, उकळताना दरवर्षी फुटतात. आतडी मी धुते, रक्त-भात मी भरते. तू आणि तुझा भाऊ दोन दिवस माझ्या तेवीसवर करवत चालवा."

एवारिस्तोचा चेहरा उजळला. "अगं, मावशी, आम्ही तसंच येऊ, त्याचं काय..."

"तसंच नको. कामाला काम."

तो थांबला. डोकं खाजवलं. मग हळूच म्हणाला, "दोन दिवस जास्त होतात. तेवीसला धड वाटही नाही. एक."

"एका दिवसात तुझा भाऊ फक्त सिगारेट ओढतो."

"बरं, दोन. पण कांदेही तूच चिरायचे."

"पन्नास किलो कांदे? तुझ्या बायकोचे हात काय मोडले?"

"मग दीड दिवस!" एवारिस्तोचा आवाज चढला, बाजारात गुरांच्या व्यापाऱ्याशी बोलताना चढायचा तसा. "चढ केवढा आहे, बघितलायस का? मोर्सिया भरून उपकार करतेस असं वाटतंय का तुला?"

रेमेने त्याला मनसोक्त ओरडू दिलं. मग म्हणाली, "दोन दिवस, आणि कांदे अर्धे," आणि हात पुढे केला.