ताईचं ‘छान’

ताईची आजची ही तिसरी बैठक. आधारगटाच्या बैठका घ्यायला शिकू लागून तिला जेमतेम दोन महिने झाले होते, आणि आता डोकं पार बधिर झालं होतं. या गटात घरची आजारी माणसं सांभाळून दमलेले लोक यायचे. कुणी काहीही सांगितलं की ताई म्हणायची, “छान!” तिला शिकवणाऱ्या मोठ्या मॅडमनी शंभरदा टोकलं होतं, “अगं, तोंडी परीक्षा घेतेस का त्यांची?” पण सवय कुठली जायला!

दीड महिना तोंडातून ब्र न काढलेले शिंपीकाका आज अचानक बोलले, “बायको आता मला ओळखत नाही.”

“छान!” ताई म्हणाली.

म्हणाली आणि तिनं जीभ चावली. मागे बसलेल्या मॅडमनी कपाळाला हात लावला.

शिंपीकाका मात्र खो खो हसत सुटले. “अहो, खरंच छान! तीस वर्षं नुसती खेकसायची. आता पाहुणा समजून गोड बोलते. काल विचारत होती, तुमचं लग्न झालंय का?”

सगळे हसले. काकांचं हसू मात्र विरलं. “काय सांगायचं हो तिला?”

ताईमध्ये आता काही सुचण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं. तिनं प्रश्न सोपवल्यासारखं गटाकडे पाहिलं.

गटातल्या, आठ वर्षं नवऱ्याला घास भरवणाऱ्या एक आजी हळूच म्हणाल्या, “झालंय म्हणा. बायकोचीच वाट बघतोय म्हणा.”