माझ्या कापडाला भोक नव्हतं

मित्रांनो, जिथं पाऊस पडतच नाही अशा ठिकाणी उभी हयात काढलेली छत्री तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर माझ्याकडे बघा. मी एक काळी, लांब दांड्याची, वाकड्या मुठीची म्हातारी छत्री आहे. सध्या एका प्रयोगशाळेच्या भिंतीवर खिळ्याला उघडीच लटकते. माझ्या कापडाला एक भोक आहे. त्याची गोष्ट इथे सगळे सांगतात, फक्त मला कुणी विचारत नाही. म्हणून आज मीच सांगते.

माझा जन्म कारखान्यातला. शिवणारी बाई इतकी खमकी होती, की एक टाका चुकला तरी अख्खी शिवण उसवायची. पुढे मला कपडे शिवणाऱ्या एका बाईंनी विकत घेतलं. त्यांची मुलगी समुद्राचा अभ्यास करायची. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. ती जगाच्या टोकाला, गोठलेल्या समुद्रावर कामाला निघाली, तेव्हा आईने मला तिच्या सामानात खुपसलं.

"अगं आई, तिथं पाऊस नाही पडत! नुसता बर्फ असतो."

"असू दे. छत्री काय खायला मागते का? पडेल कधीतरी उपयोगी."

आणि पडले की उपयोगी!

त्या समुद्रावर माणसाच्या उंचीएवढा जाड बर्फ असतो. वरून सगळं पांढरंफटक, औषधालाही जीव दिसायचा नाही. पण त्याच बर्फाच्या तळाशी, जिथं तो पाण्याला टेकतो तिथं, तपकिरी शेवाळ वाढतं. बर्फातून झिरपून जो चिमूटभर उजेड खाली पोचतो, त्यावर ते भागवतं. कोळंबीसारखे बारके जीव ते खातात, त्यांना मासे खातात, माशांना सील आणि पक्षी. थोडक्यात, त्या मुलखातल्या कितीतरी जिवांची चूल त्याच तपकिरी थरावर पेटते. इतकं कर्तबगार, पण उन्हापुढे अगदी नाजूक. गिरमिटाने बर्फाला आरपार भोक पाडून आतला लांब गोल दांडा वर काढला आणि तो उघड्या उन्हात पडू दिला, की खालच्या टोकाचं शेवाळ फिकुटतं आणि मरतं.

म्हणून मी. ताईने मला आतून दुसरं काळं कापड स्वतःच्या हाताने शिवलं. गिरमिट वर येऊ लागलं की ती ओरडायची, "आधी छत्री, मग दांडा!" माझ्या सावलीत बसून ती तपकिरी टोक करवतीने कापायची आणि समुद्राचं गाळलेलं पाणी घालून बंद डब्यात ठेवायची. पहिल्या वर्षी गिरमिटवाले काका पोट धरून हसले. "ताई, इथं ऊन लागून काळ्या पडाल म्हणून भीती वाटते होय?" पण तिचंच शेवाळ जिवंत राहतं हे दिसल्यावर तेच काका मला पाठीवर बांधून न्यायला लागले. ताईचे गुरू, ज्यांना सगळे सर म्हणतात, ते तर म्हणाले, "ही छत्री आपल्यापेक्षा जास्त शिकलेली आहे." मी किती फुगले असेन, सांगायला नको. वारा नसतानाही फुगले.

मग एका वर्षी कळलं, की आम्ही काम करायचो त्या खाडीत जहाजांचा धक्का होणार. बर्फ फोडणारं जहाज येणार आणि येतच राहणार, म्हणजे बर्फाबरोबर शेवाळही जाणार. त्या खाडीतलं शेवाळ निराळ्या जातीचं होतं. तसं सरांना दुसरीकडे कुठेच मिळालं नव्हतं. ते जिवंत आणून प्रयोगशाळेत वाढवायचं ठरलं. सरांच्या गुडघ्यांनी कधीच राम म्हटला होता. ते ताईला म्हणाले, "माझ्याच्याने बर्फावर येणं होत नाही. ही शेवटची संधी आहे. तुझ्या जिवावर सोडतोय."

"निर्धास्त राहा, सर. छत्री आहे ना."

शेवटच्या दिवशी दांडे छान निघाले. काका सामान गाडीवर लादायला तळावर गेले. बर्फावर उरलो आम्ही दोघी आणि फोटो काढायला आलेला एक पाहुणा. तो म्हणाला, "मॅडम, त्या छत्रीने सगळा घोळ होतोय. तुमचा चेहरा काळा येतो. जरा मिटा ना."

"नाही हो, शेवाळाला ऊन चालत नाही."

"एक मिनिट फक्त. मासिकाच्या मुखपृष्ठावर जाणार आहे फोटो. आजवर सगळीकडे तुमचे सरच दिसतात, कामं तर तुम्ही करता."

ताईने कॅमेऱ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता याला फाडकन उत्तर देईल. तिने मला मिटलं. मिटलं आणि मागे बर्फावर टाकून दिलं.

मग काय! सगळे दांडे ओळीने मांडा, तपकिरी टोक इकडे करा, हसा, आणखी एक, आता गुडघ्यावर बसा, आणखी एक. त्याचं मिनिट काही सरेना. मी आडवी पडून बघत होते. ओरडायला तोंड नव्हतं. ताईला सगळं कळत होतं हो! जगाला शिकवणारी तीच. तरी ती हसत राहिली. एवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला, खाडीच्या तोंडाशी बर्फ कडाकडा फुटू लागला. पुन्हा गिरमिट लावायला उसंतच नव्हती. भराभर टोकं डब्यात भरली आणि आम्ही निघालो.

परत आल्यावर सरांनी सूक्ष्मदर्शकात डोळा घातला. एकामागून एक सगळे डबे तपासले. मग म्हणाले, "यातलं काहीच जगलेलं नाही. ऊन लागलंय याला. छत्री धरली होतीस ना?"

आता बोल गं ताई, मी मनात म्हटलं. सर रागावतील, पण खाणार नाहीत.

"धरली होती, सर," ती म्हणाली. "जुनी झालीय हो ती. कापड विरलं असेल."

"आण बघू."

ती मला आणायला कोठीत आली. दार लोटून घेतलं. मला उघडून दिव्यासमोर धरलं. माझ्या दुहेरी कापडातून उजेडाचा कणसुद्धा येत नव्हता. तिने टेबलावरची कात्री उचलली आणि ज्या हाताने ते कापड शिवलं होतं, त्याच हाताने दोन्ही कापडं कापली. तिने माझी माफीसुद्धा मागितली. माझ्या काय कामाची ती माफी? मित्रांनो, केसाने गळा कापणं म्हणतात ना, ते मी अंगावर सोसलंय.

सरांनी भोकात बोट घातलं. मग रडणाऱ्या ताईच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "जुन्या वस्तूचा दोष, पोरी. तुझा नाही."

मला वाटलं, आता फेकून देतील आणि सुटेन. तेही नशिबात नव्हतं. सर गेले, त्यांच्या खुर्चीवर ताई आली. तिने मला भिंतीवर टांगलं. दरवर्षी नवी मुलं शिकायला येतात आणि ती काठीने माझं भोक दाखवते. "बघा, एवढ्याशा निष्काळजीपणाने एका खाडीचं शेवाळ कायमचं गेलं. आपल्या वस्तू तपासा. त्यांची निगा राखा." समोरच्याच भिंतीवर मुखपृष्ठाचा तो फोटो आहे. त्यात लख्ख ऊन आहे, तपकिरी दांडे आहेत, हसणारी ताई आहे. छत्री नाही. मुलं एकदा तिकडे बघतात, एकदा माझ्याकडे, आणि माना डोलवतात.

म्हणून मित्रांनो, वस्तूंची काळजी घ्या असं मी सांगणार नाही. तो धडा माझ्याकडे बोट दाखवून रोज दिला जातो. माझं मागणं वेगळं आहे. चूक झाली तर ती स्वतःच्या तोंडाने सांगा. जिला तोंडच नाही तिच्या गळ्यात बांधू नका. पहिल्या वर्षी हे भोक दाखवताना ताईचा आवाज कापला होता, तेव्हा मला थोडी आशा होती. आता कापत नाही. परवा तर मुलं गेल्यावर ती एकटीच माझ्यासमोर थांबली, भोकाकडे बघून तिने हळहळून मान हलवली आणि म्हणाली, "तेव्हाच नवी छत्री घ्यायला हवी होती."