‘आज’चा फोटो

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी परराष्ट्र खात्याच्या पानावर एक फोटो झळकला. भूकंप झालेल्या शेजारी देशात, तंबूबाहेर, आपला डॉक्टर एका मुलीच्या हाताला पट्टी बांधतोय. खाली ओळ होती, ‘आज आमचा हात तुमच्या हातात.’

ओळ ताईंची. खात्याच्या समाजमाध्यम कक्षात त्या ओळी लिहीत. फोटो मात्र वरच्या मजल्यावरून परस्पर चढे. ताईंकडे तीन शब्दांची चिठ्ठी येई. आजची होती, ‘डॉक्टर, मुलगी, पट्टी.’ डॉक्टर म्हणजे आपला दादा, हे त्यांना जगाबरोबरच कळलं. मदत पथकातल्या दादाचा चार दिवस फोन नव्हता.

तेवढ्यात वहिनीचा फोन आला. “वन्सं, बघितलंत? कसे हसतायत! जीव भांड्यात पडला माझा. फोन करायला वेळ नाही, फोटोला बरा आहे!”

ताईही हसल्या. मग त्यांनी फोटो मोठा केला आणि मनात पाल चुकचुकली.

“वहिनी, दादाचा सोनेरी काड्यांचा चष्मा कुठंय गं?”

“माझ्या कपाटात, दोन तुकडे. निघायच्या दिवशी स्वतःच बसले ना त्यावर! काळा जाड घालून गेले, घुबडासारखा. का हो?”

“सहज.”

फोटोतला चष्मा सोनेरी काड्यांचा होता.

ताई जिना चढून फोटोग्राफरकडे गेल्या. सगळे त्याला फ्लॅश म्हणत.

“हा कधीचा रे?”

“आजचा. ओळ तुमचीच आहे की.”

“फ्लॅश, माझा भाऊ आहे तो.”

फ्लॅशने दाराकडे पाहिलं. “ताई, नियमही तुमचाच. फोटो चढेल तो दिवस ‘आज’.”

खरं होतं. फोटो शिळे दिसू नयेत म्हणून तीन वर्षांपूर्वी ताईंनीच ही युक्ती काढली होती आणि साहेबांची शाबासकी घेतली होती.

“निघायच्या आदल्या दिवशी मैदानात सराव झाला ना, तिथला आहे,” फ्लॅश हळूच म्हणाला. “मुलगी आपल्या ड्रायव्हरची. अगदी गोड हसते.”

“आणि तिथून आलेले?”

“पहिल्या दिवशी आले. नंतर चार दिवस काही नाही. मी बोललो नाही हं.”

ताई तशाच साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या. साहेबांनी कानावर हात ठेवले. “पथक कामात आहे. भाऊ हसतोय ना फोटोत? मग झालं तर. उद्याची ओळ तेवढी द्या.”

उद्याची चिठ्ठी टेबलावर येऊन पडली होती: ‘डॉक्टर, मुलगी, निरोप.’

ताईंनी ‘आज’ लिहिलं, खोडलं.

संध्याकाळी पाच चाळीसला फोटो चौऱ्याण्णव हजार लोकांना आवडला होता. वहिनीने तो सगळ्या नातलगांना पाठवला होता आणि ताईंना वेगळा निरोप, ‘चष्म्याचं का विचारलंत?’ त्याला उत्तर गेलेलं नव्हतं. दादाचा फोन बंद लागत होता.