चार बोटं पारा

“आधी चार बोटं घाल, मर्टी. मग भागाकार.”

म्हातारा ल्युडेके हे इतक्यांदा म्हणायचा, की चुलीपाशी मोजे विणता विणता मलाही ते पाठ झालं होतं. समुद्राखालची तार टाकायला तो जर्मनीहून इथे आयर्लंडला आला, आमच्या केरीच्या किनाऱ्यावरच राहिला, आणि माझ्या धाकट्या भावाला, मर्टीला, तार तपासायला शिकवून इथेच वारला. तार तुटली की किनाऱ्यावरून तिचा रोध मोजायचा, त्याला एका मैलाच्या रोधाने भागायचं. म्हणजे किती मैलांवर तुटली ते कळतं. पण त्यात एक मेख होती. तार टाकली तेव्हाचं माप म्हणजे मीटरभर लांबीची पाऱ्याची बारीक रेघ. तिच्यातून जाताना वीज जेवढी अडखळते, तेवढं एक. पुढे विद्वानांनी सभा भरवून नवं माप ठरवलं, ओहम. त्याची रेघ चार बोटं, म्हणजे मीटरमागे सहा सेंटिमीटर, जास्त लांब. तारेच्या स्टेशनात आलेली मोजणीची नवी पेटी ओहममध्ये बोलायची, आणि मैलाचा आकडा मात्र जुन्याच मापातला. म्हणून पेटीच्या दर ओहममागे आधी चार बोटं वाढवायची. ल्युडेके टेबलाच्या कडेवर आपली जाड बोटं टेकवून दाखवायचा.

त्या वर्षी ईस्टरआधीचे लेंटचे उपास सुरू झाले आणि तार तुटली. मर्टीने जागा काढून दिली. दुरुस्तीचं जहाज तिथे गेलं, लोखंडी गळ टाकून समुद्राचा तळ खरवडत राहिलं. हाती आला तो चिखल. वादळात गळाचा दोर सुटला, आमच्या गावच्या जेरी टीहनच्या फासळ्या मोडल्या, आणि जहाज तसंच परत फिरलं.

रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडलो, तर जेरीची बायको नेल चर्चच्या दारातच उभी.

“कसा आहे गं जेरी?” मी विचारलं.

“त्याला काय धाड भरलीय! पडल्या पडल्या हुकूम सोडतोय. चहा आण, उशी सरकव, कोंबडी हाकल. जहाजावर एवढं कोण ऐकत होतं त्याचं?” ती हसली आणि मग तिने मर्टीची बाही धरली. “मर्टी, खरं सांग रे. लोक म्हणतात कप्तान प्यायला होता, म्हणून जहाज भलतीकडे नेलं. जेरी शपथ घेऊन सांगतो, कप्तान थेंबाला शिवला नव्हता. पण वरच्या कचेरीत तसंच लिहून गेलंय म्हणे. तुला तो हिशेब कळतो. चूक कुणाची?”

“बघतो. दुपारी घरी येऊन सांगतो.”

“नक्की?”

“येतो म्हटलं ना, नेल.”

घरी आल्यावर त्याने कोटही काढला नाही. पाटी घेऊन बसला. मी पाव कापत होते. खडूचा आवाज थांबला.

“हॅना,” तो म्हणाला. “मी चार बोटं घातलीच नाहीत गं.”

शंभर मैलांवर सहा मैल. जहाज सहा मैल अलीकडेच तळ खरवडत राहिलं होतं.

तो कसा विसरला, हे मी विचारलं नाही. तपासणीच्या आदल्या रात्री मला ताप चढला होता आणि तो उजाडेपर्यंत माझ्या उशाशी बसून होता. तोही त्याबद्दल बोलला नाही. नुसता उठला आणि शेजारून स्टेशनच्या पेनिंग्टन साहेबांना घेऊन आला.

साहेबांनी पाटी पाहिली. टोपी गुडघ्यावर ठेवून बसले.

“मर्टी क्विल, जहाज बुधवारी पुन्हा निघतंय. उद्या नव्याने तपासणी केली म्हणू, बरोबर जागा देऊ. तार जुळेल, विषय संपेल.”

“आणि कप्तान, साहेब?”

“त्यांना आज ना उद्या घरी बसायचंच आहे.”

“दारुडे म्हणून बसायचं त्यांनी?”

साहेब माणूस वाईट नव्हता. माझ्या तापात त्यांच्याच घरून सूप आलं होतं. ते हळूच म्हणाले, “हे बाहेर गेलं तर तुझी नोकरी मला राखता यायची नाही. आणि हे घर नोकरीबरोबरचं. हॅनाचा तरी विचार कर.”

दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

“हॅनाचा विचार हॅना करेल, साहेब,” मी म्हटलं. “तुम्ही चहा घ्या. दूध घालते, लेंटच्या उपासात दूध वर्ज्य ते मला, तुम्हाला नाही.”

अर्धा कप तसाच ठेवून ते गेले.

“कुठे जाणार आपण?” मर्टीने विचारलं.

“किलार्नीला मावशीची खोली आहे. गळते, पण आहे.”

“मावशीची जीभही गळते.”

“मग तू एका कानाने बहिरा हो.”

तो जरासा हसला. मग म्हणाला, “आधी कप्तानांकडे जायला हवं का गं?”

“तुला काय वाटतं?”

“नेलला सांगितलं की दिवेलागणीपर्यंत अख्ख्या गावाला कळेल. मग मला मागे फिरायला जागाच उरणार नाही. म्हणून आधी नेलकडेच जातो. तिथून कप्तानांकडे.”

“मी येऊ सोबत?”

“नको. दोघं दारात दिसलो तर जेरीला वाटेल, आपल्या मयताला आले.”

त्याने हात धुतले, कोटावरची खडूची भुकटी झटकली. मी अर्धा पाव फडक्यात बांधून त्याच्या काखेत दिला.

टीहनांच्या घराला वाळूतून जवळची वाट आहे. ओहोटीच्या वेळी तिथे चिटपाखरू नसतं. मी फाटकाशी उभी राहिले. मर्टी वाळूकडे वळलाच नाही. गावातल्या रस्त्याने निघाला. मिस्साहून परतलेली माणसं दारांपुढे बोलत उभी होती. कुणी टोपीला हात लावला की तोही लावत होता, आणि पुढे चालत होता.