ओठांना कळणारी लव

डॅमसनचं म्हातारं झाड गोठ्याच्या छपराला न लागता आडवं झालं, तेव्हा रादिसावनं करवत टेकवून कपाळ पुसलं. फेब्रुवारीतही त्याला घाम फुटला होता.

"घे ताई, आता तुझा फुटवा वाढव."

स्तामेंकानं झाड पाडायला होकार दिला होता तो त्या फुटव्याच्याच भरवशावर. बुंध्याशी उगवलेला तो आता कमरेएवढा झाला होता. आलुबुखाराच्या बागा गावभर होत्या, पण त्याच्याच भावकीतल्या लहान, आंबट, निळ्या डॅमसनचं हे एकच झाड उरलं होतं. घरात पाहुणा आला की आधी चमचाभर मुरांबा आणि पाणी. या घरात तो मुरांबा आईच्या आधीपासून डॅमसनचाच.

भुसा झाडताना तिला खुंटावर, जमिनीच्या जरा वर, फुगीर कडं दिसलं. वरची साल काळपट, खरबरीत. खालची वेगळीच, नितळ. म्हणजे हे कलम होतं. आणि फुटवा कड्याच्या खालून आला होता.

तिनं त्याची डहाळी ओठांवरून फिरवली. अगदी गुळगुळीत. मग पडलेल्या झाडाची कोवळी डहाळी लावून पाहिली. तिच्यावर मांजराच्या कानासारखी लव होती.

"रादिसाव, फुटवा जंगली आहे रे. आजोबांनी जंगली आलुबुखारावर डॅमसन बांधला होता."

"झाडाचे मुके घेऊन कळलं?" त्यानं कुऱ्हाड उचलली. "सरक, मांसाला धुरी द्यायला लाकूड हवंय."

"जाड लाकूड ने. शेंड्याला हात लावलास तर तुलाच धुरी देईन!"

पडलेल्या झाडाच्या शेंड्यावर गेल्या वर्षीची वाढ फारशी नव्हतीच. पेन्सिलीएवढ्या मोजक्या काड्या मिळाल्या, डोळे अजून मिटलेले. त्या तिनं ओल्या वाळूत खुपसून तळघरात ठेवल्या. एप्रिलमध्ये फुटव्यात रस चढला, तसा तो छाटून, चिरून तिनं काडी बसवली. सालीला साल जुळवली, फडक्यानं आवळलं, वर मेण लावलं. जंगली असला तरी त्याची मुळं भक्कम होती.

मे महिन्यात काडीला नवी डहाळी फुटली. रादिसाव इकडेतिकडे बघून वाकला आणि ती ओठांना लावली.

"काय म्हणते?" स्तामेंकानं खिडकीतून विचारलं.

"गुदगुल्या होतात."

"आधी मिशी बाजूला कर."

दोन बोटांनी मिशी वर धरून तो पुन्हा वाकला.

"तरी होतात, ताई."